रिसेप्शन नसलेल्या घरात एकट्याने चार रात्री

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिल्यांदाच एकट्याने परदेशातल्या एका शहरात चार रात्री जायचं आहे, खर्च आटोक्यात ठेवायचा आहे, म्हणून स्वयंपाकघर असलेला छोटा फ्लॅट घ्यायचा विचार आहे. विमान रात्री अकराला उतरतं. हॉटेलपेक्षा हे खरंच स्वस्त पडतं का, आणि कशाकशाकडे लक्ष द्यावं?

मी गेली सतरा वर्षं अशा घरांत एकटीने राहते आहे. मधली सहा वर्षं असेच काही फ्लॅट पाहुण्यांसाठी सांभाळण्याचं कामही केलं. किल्ली घेणाऱ्याची अडचण मला माहीत आहे आणि किल्ली देणाऱ्याचीही. म्हणून आधी मूळ गोष्ट सांगते. हॉटेलात रिसेप्शनवरचा माणूस नकळत पाच-सहा कामं करत असतो. रात्री दार उघडतो, सामान ठेवून घेतो, गिझर बिघडला तर माणूस पाठवतो, तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर दार वाजवतो. फ्लॅटमध्ये ही सगळी कामं तुमच्याकडे येतात. दोघं-तिघं असले की ती वाटली जातात, एकट्याला वाटून घ्यायला कुणी नसतं. त्यामुळे फ्लॅट निवडताना स्वयंपाकघर किती छान आहे हे नंतर बघा. यातलं कुठलं काम माझ्यावर किती वाजता येणार आहे, हे आधी बघा.

आता पैशांचं. जाहिरातीत दिसतो तो एका रात्रीचा दर. त्यावर साफसफाईचं शुल्क, मंचाचं, म्हणजे ज्या संकेतस्थळावरून आरक्षण करता त्याचं, सेवाशुल्क आणि बऱ्याच शहरांत पर्यटक कर चढतो. साफसफाईचं शुल्क एक रात्र राहा की दहा, तेवढंच असतं. समजा ते एका रात्रीच्या भाड्याइतकं आहे. मग दोन रात्रींसाठी तुम्हाला प्रत्येक रात्र दीडपट पडली, चार रात्रींसाठी सव्वापट, सात रात्रींसाठी जेमतेम चौदा टक्के जास्त. दोन रात्रींच्या एकट्याच्या सहलीला फ्लॅट बहुतेकदा परवडत नाही, असं मी स्पष्ट सांगते. चार रात्रींपासून विचार करण्यासारखा होतो. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून अशा मुक्कामांची जाहिरात करताना सक्तीची सगळी शुल्कं धरून एकूण रक्कम दाखवणं बंधनकारक झालं आहे. इतरत्र तारखा भरून शेवटच्या पानापर्यंत जा, तिथला आकडा रात्रींनी भागा आणि तोच आकडा हॉटेलच्या खोलीशी ताडून पाहा. हॉटेलच्या दरात नाश्ता धरलेला असेल तर तोही हिशेबात घ्या.

जेवणातून बचत होते, पण लोक समजतात तेवढी नाही. चार दिवस तिन्ही वेळा घरी शिजवीन असं ठरवून गेलेला माणूस दुसऱ्या संध्याकाळीच थकून बाहेर जेवतो, आणि आणलेलं सामान फेकून येतो. एकट्यासाठी सगळीच पाकिटं मोठी पडतात. चार नाश्ते आणि दोन रात्रीची जेवणं एवढंच घरी, दुपारचं बाहेर, हे माझं प्रमाण आहे आणि ते पाळता येतं. नाश्त्यात सर्वांत जास्त पैसे वाचतात. शिवाय सकाळी अंघोळीआधी, कुणाशी न बोलता, आपल्याच हातचा चहा घेत खिडकीत बसता येतं. एकट्या प्रवासातला हा तासभर मला इतका मोलाचा वाटतो की केवळ त्यासाठीही मी फ्लॅट घेईन.

जाहिरात वाचताना फोटोंवर फार विसंबू नका. रुंद कोनाच्या भिंगाने छोटी खोली ऐसपैस दिसते, म्हणून चौरस मीटरचा आकडा शोधा. अंदाज यावा म्हणून सांगते: फ्रान्समध्ये घर भाड्याने द्यायला मुख्य खोली किमान ९ चौरस मीटर आणि छताची उंची २.२० मीटर, किंवा मग २० घनमीटर जागा असावी लागते. ९ चौरस मीटर म्हणजे पलंग, टेबल आणि त्यांच्यामधून चालायची वाट. एकट्याला १५ ते १८ मध्ये शेगडीपासून थोडं लांब झोपता येतं. त्याहून लहान जागेत शेगडीवर धूर खेचणारा पंखा आहे का आणि उघडणारी खिडकी आहे का ते विचारा, नाहीतर रात्रीच्या फोडणीचा वास सकाळपर्यंत उशीत राहतो. मजल्याचंही नीट विचारा. युरोपात बहुतेक ठिकाणी तळमजला शून्य धरतात, त्यामुळे ‘चौथा मजला’ म्हणजे चार जिने. अमेरिकेत तळमजल्यालाच सहसा पहिला म्हणतात. जुन्या इमारतींत लिफ्ट नसणं नेहमीचंच आहे, आणि बॅग उचलायला दुसरे हात नाहीत हे विसरू नका.

अभिप्राय वाचताना पूर्ण गुण देणारे सोडा आणि अगदी चिडलेलेही सोडा. मधले वाचा, गेल्या सहा महिन्यांतले वाचा आणि त्यात आवाज, जिना, गरम पाणी, किल्ली हे शब्द शोधा. ‘यजमानांनी लगेच उत्तर दिलं’ हे वाक्य तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं असेल, तर एकट्या माणसासाठी ते सुंदर पडद्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

पाहुणे ठेवण्यासाठी फ्लॅटची सरकारदरबारी नोंदणी करून मिळतो त्या नोंदणी क्रमांकाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. अनेक शहरांनी अशा फ्लॅटवर बंधनं घातली आहेत. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमानाची नोंदणी लागते, त्याने त्याच घरात हजर असावं लागतं आणि पाहुणे दोनच चालतात. म्हणजे तिथे अख्खा फ्लॅट चार रात्रींसाठी कुणी देत असेल, तर तो नियमात बसतो का हे आधी तपासा. पॅरिसमध्ये मालक आपलं राहतं घर वर्षाला ९० दिवसच देऊ शकतो, ही मर्यादा २०२५ पासून आहे, त्याआधी १२० होती. जपानमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आहे. बार्सिलोनाने तर पर्यटक फ्लॅटचे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलं आहे. दंड मालकाला होतो हे खरं, पण बेकायदा फ्लॅटचं आरक्षण आदल्या दिवशी रद्द होतं तेव्हा रस्त्यावर उभे तुम्ही असता. ज्या शहरात नोंदणी क्रमांक लागतो तिथे तो जाहिरातीत नसेल, तर मी पुढे वाचतच नाही. आणि कुणी ‘मंचाबाहेर थेट बँकेत पैसे पाठवा, स्वस्त पडेल’ म्हणालं, तर तिथेच थांबा. पैसे मंचावरूनच गेले असतील तरच तक्रार करायला जागा राहते.

पासपोर्टची माहिती मागितली म्हणून मात्र घाबरू नका. स्पेन आणि इटलीत पाहुण्यांची माहिती सरकारकडे पाठवणं यजमानावर बंधनकारक आहे. फक्त ती मंचावरून किंवा यजमानाच्या अधिकृत नोंदणीच्या दुव्यावरून द्या, आणि फोटो पाठवायचाच असेल तर त्यावर आडवं ‘फक्त या मुक्कामासाठी’ आणि तारीख लिहून पाठवा.

आता पोहोचण्याचा तास. माझ्या अनुभवात एकट्याच्या मुक्कामात जे बिघडतं, त्यातलं बहुतेक याच तासात बिघडतं. किल्ली सहसा आकडे जुळवून उघडणाऱ्या लहान पेटीत असते. ती पेटी इमारतीच्या दारावर असेलच असं नाही, कधी पुढच्या गल्लीतल्या कठड्याला लटकवलेली असते. निघण्यापूर्वी पेटीचा फोटो, रस्त्यावरून दिसणाऱ्या दाराचा फोटो, दारावरचं नाव किंवा बेलचा क्रमांक आणि पेटी उघडायचा आकडा मागून घ्या. हे सगळं कागदावर लिहा. फोनची बॅटरी संपण्याची वेळ नेमकी तीच असते. नकाशा आधीच उतरवून ठेवा. शक्य असेल तर अंधार पडल्यावर पहिल्यांदा दार शोधायची वेळ येऊ देऊ नका.

दाराबद्दल एक गोष्ट मी स्वतःवर बेतल्यामुळे शिकले. एका फ्लॅटमध्ये रात्री दहा वाजता कचऱ्याची पिशवी घेऊन जिन्यात गेले आणि मागे दार आपोआप लागलं. बाहेरून मूठच नव्हती, नुसता गोल लट्टू होता. फोन आत, जाकीट आत, आणि किल्ली दाराच्या आतल्या बाजूला लावलेली. युरोपातल्या अनेक दारांचं कुलूप असंच असतं: दार ओढलं की लागतं, आणि आतून किल्ली अडकलेली असेल तर जादा किल्लीसुद्धा बाहेरून फिरत नाही. शेजाऱ्यांनी फोन करू दिला म्हणून निभावलं. कुलूपवाल्याच्या रात्रीच्या फेरीत माझी तीन रात्रींची बचत गेली. तेव्हापासून किल्ली दाराला लावून ठेवायची नाही, आणि उंबरा ओलांडताना, दोन पावलांसाठी का असेना, ती खिशात हवी, हा नियम मी मोडलेला नाही.

आत गेल्यावर बॅग उघडण्याआधी वीस मिनिटं घराला द्या. बॅग बाथरूमच्या फरशीवर ठेवा, गादीच्या शिवणी आणि पलंगाचा डोक्याकडचा भाग फोनच्या उजेडात बघा. ढेकणांचे काळे ठिपके तिथेच दिसतात. मग एक सलग व्हिडिओ काढा: शेगडीचा पृष्ठभाग, तव्याचा तळ, बेसिन, भिंती, आरसा. अनामत रक्कम परत मिळवताना हाच व्हिडिओ उपयोगी पडतो. काही तुटकं दिसलं तर त्याच रात्री मंचावरून कळवा. सांभाळणारी व्यक्ती म्हणून सांगते, दोन तासांत आलेली तक्रार आम्ही पाहुण्याच्या माथी कधी मारली नाही, चौथ्या दिवशी आलेल्या तक्रारीबद्दल मात्र शंका यायचीच. कॅमेरे दिसतात का तेही पाहा. एअरबीएनबी या आरक्षणाच्या मंचाने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरे ठेवायला सरसकट बंदी केली आहे, ‘जाहिरातीत सांगितलं होतं’ ही सबबही आता चालत नाही.

सगळ्यांत गंभीर भाग गॅसचा. बाथरूममध्ये किंवा ओट्यावर गॅसचा गिझर असेल, तर कार्बन मोनॉक्साइडची शक्यता धरूनच वागा. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, आणि एकटा माणूस ‘प्रवासाचा थकवा’ म्हणून झोपून जातो. दोघं असले तर दोघांचंही डोकं एकाच वेळी दुखतंय हे लक्षात येतं. एकट्याला हा इशारा मिळत नाही, म्हणूनच मी इतक्या आग्रहाने सांगते आहे. घरात वायूसूचक, म्हणजे हा वायू साठला की वाजणारं छोटं यंत्र, आहे का ते आरक्षणाआधी विचारा. मी स्वतःचा, बॅटरीवर चालणारा, बरोबर नेते. ईएन ५०२९१ हे युरोपीय मानक छापलेला घ्या. त्या मानकानुसार हवेत दहा लाख भागांत ३०० भाग वायू झाला तर तीन मिनिटांच्या आत तो वाजायला हवा, १०० भागांना १० ते ४० मिनिटांत, ५० भागांना ६० ते ९० मिनिटांत. हवा जाण्याची जाळी थंडी येते म्हणून कधीही बुजवू नका. सूचक वाजला तर खिडकी उघडा, बाहेर पडा आणि बाहेरूनच फोन करा. युरोपीय संघात सगळीकडे आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. धुराच्या सूचकाचं बटण दाबून पाहा, आणि जिन्याशिवाय बाहेर पडायची दुसरी वाट आहे का तेही त्याच फेरीत बघून घ्या.

आता स्वयंपाकघर. आधी फ्रिज चालू आहे का बघा. दोन पाहुण्यांच्या मध्ये तो बंद करून ठेवण्याची पद्धत आहे, आणि बंद फ्रिज पुरेसा थंड व्हायला काही तास घेतो. दूध-अंडी आणण्यापूर्वी तो लावून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा हिशेब आहे: थंड अन्न ५ अंशांच्या खाली, गरम अन्न ६० अंशांच्या वर, आणि शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही. भाताच्या बाबतीत तर आणखी कडक राहा. तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट पडून राहिला की ते वाढतात आणि विष तयार होतं, ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उरलेला भात तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. परक्या शहरात एकट्याने उलट्या-जुलाबांत पडून राहण्यापेक्षा मूठभर भात टाकून दिलेला बरा.

शेगडी बहुधा काचेची असेल. ती इंडक्शनची असेल तर तवाही तसा लागतो: तळाला लोहचुंबक चिकटत असेल तरच तो तवा इंडक्शनवर तापेल. पाहुण्यांचे सगळ्यांत जास्त फोन मला ‘शेगडी बिघडली’ म्हणून यायचे, आणि दहापैकी आठ वेळा ती नुसती लॉक झालेली असायची. किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह शोधा आणि त्यावर तीन-चार सेकंद बोट दाबून धरा. काचेवर भांडं घासत सरकवू नका, ओरखड्याचे पैसे अनामतीतून जातात. छोट्या फ्लॅटची वायरिंग बेताची असते. किटली एकटीच दोन हजार वॉटच्या आसपास खेचते, तिच्या जोडीला शेगडी आणि धुलाईयंत्र एकदम लावलं तर अंधार होईल. फ्यूजची पेटी कुठे आहे ते पहिल्याच रात्री बघून ठेवा.

बरोबर काय न्यावं, तर फार थोडं. मीठ-मसाल्याची लहान डबी, भांडी घासायचा नवा स्पंज (आधीचा कधीही वापरू नका), दोन-तीन झिपच्या पिशव्या, एक लहान सुरी. सुरी फक्त चेक-इन बॅगेत. भाड्याच्या घरातल्या सुऱ्या बोथट असतात आणि बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, म्हणूनच ती जास्त कापते. युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, ते घेऊ नका. पहिल्या रात्रीचं आणि दुसऱ्या सकाळचं खाणं मात्र बरोबर असू द्या. जर्मनी-ऑस्ट्रियासारख्या देशांत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे तुम्ही शनिवारी रात्री पोहोचत असाल तर हे विशेष लक्षात ठेवा.

गरम पाण्याचा अंदाज घ्या. ४० लिटरच्या टाकीत ६० अंशांचं पाणी असेल, तर गार पाणी मिसळून अंघोळीचं साधारण ८० लिटर होतं, म्हणजे शॉवर नऊ-दहा मिनिटं. एकट्याला पुरतं. घर बरेच दिवस बंद असेल तर पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं शॉवर सोडून स्वतः बाथरूमबाहेर थांबा. साठलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि ते तुषारांतून श्वासात जातात. धुलाई आणि वाळवणी एकाच यंत्रात असेल, तर ते जेवढे कपडे धुतं त्याच्या निम्मेच वाळवतं, म्हणून निघायच्या आदल्या रात्री जाड कपडे टाकू नका.

आजारपणाचं कुणी विचारत नाही. हॉटेलात तुम्ही उठला नाहीत तर दुपारी साफसफाईला येणारी बाई दार वाजवते. फ्लॅटमध्ये चार दिवस कुणीही येणार नाही. घरच्या एका माणसाबरोबर रोजची एक वेळ ठरवा, सकाळी नऊ किंवा रात्री दहा. त्या वेळेला निरोप आला नाही तर तासाभराने त्याने फोन करायचा, आणि तोही उचलला नाही तर यजमानाला कळवायचं, हे आधीच बोलून ठेवा. पूर्ण पत्ता, मजला, दाराचा आकडा आणि यजमानाचा नंबर त्याच्याजवळ असू द्या. वाटेत भेटलेल्या लोकांना मात्र मी एकटी कुठे उतरले आहे ते सांगत नाही, ‘मैत्रिणीकडे’ एवढंच म्हणते.

तुमच्या चार रात्रींपुरतं माझं मत असं. विमान अकराला उतरतं म्हणजे सामान, तपासणी, गाडी धरून तुम्ही दारात पोहोचणार साडेबारा-एकला. त्या वेळी अनोळखी गल्लीत पेटी शोधत बसू नका. पहिली रात्र विमानतळ किंवा मुख्य स्टेशनजवळ, जिथे रात्रभर माणूस असतो अशा साध्या खोलीत काढा आणि उरलेल्या तीन रात्री फ्लॅट घ्या. साफसफाईचं शुल्क तीनच रात्रींवर वाटलं जाईल, तरी मी हेच करेन. दोन जागा बदलायचा कंटाळा असेल तर रिसेप्शन असलेलं अपार्टमेंट-हॉटेल शोधा. शेगडी तीच मिळते आणि रात्री दार उघडायला माणूसही असतो. फक्त रिसेप्शन चोवीस तास आहे ना, हे लेखी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी ते संध्याकाळी बंद होतं. शेवटच्या दिवशी फ्लॅट सकाळी दहा-अकराला रिकामा करावा लागेल. परतीचं विमान संध्याकाळी असेल तर स्टेशनवर सामानाचं लॉकर आहे का ते आत्ताच बघून ठेवा आणि आदल्या रात्री फ्रिज रिकामा करा. न उघडलेलं काही उरलं तर ते ओट्यावर ठेवून यजमानाला कळवा, घर आवरायला येणाऱ्या बायका ते आनंदाने घेऊन जातात.